पोटगी मागायची तर कोणत्या दारानं?

“मॅडम, आमच्यात पोटगी भेटते का?”

नागपुरात कौटुंबिक प्रकरणं चालवताना हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्यातल्या ‘आमच्यात’ या शब्दावर आता लगेच कान जातो. मोमिनपुऱ्याची आई तलाक झालेल्या मुलीला घेऊन येते, ती म्हणते ‘आमच्यात’. इंदोऱ्याची ताई विचारते, “आम्ही बौद्ध, मग आमच्यात कोणता कायदा लागते?” सदरमधली नर्स हळू आवाजात सांगते की लग्न चर्चमध्ये झालंय, आमच्यात बहुतेक नसेल. रामटेककडची गोंड समाजातली बाई म्हणते, “आमच्यात पंचानंच तोडून देल्लं, आता कोर्टात काय भेटन?” प्रत्येकीला वाटतं की आपलाच समाज तेवढा कायद्याच्या बाहेर राहिला, बाकीच्या बायांचं बरं आहे.

त्या सगळ्यांना माझं पहिलं उत्तर एकच असतं: भेटते. धर्म कोणताही असो. धर्मानं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे समजायला वकील असावं लागत नाही. मी दोन दारांचं सांगते. पहिलं दार सगळ्यांना एकच आहे. दुसरं दार कोणतं, ते तुमचं लग्न कोणत्या कायद्याखाली झालं त्यावरून ठरतं. दोन्ही दारांनी आत गेलात म्हणून रक्कम दुप्पट होत नाही. एकीकडे मिळालेली रक्कम दुसरीकडे धरली जाते. पण एक दार अडलं तर दुसरं आहे, हे माहीत असलं की बाई कोर्टाच्या पायरीवरून परत फिरत नाही.

‘एकशे पंचवीस’

पहिल्या दाराचं नाव लोकांच्या तोंडी एकशे पंचवीस. “तिनं एकशे पंचवीस टाकली” म्हटलं की आमच्या इथे पानठेल्यावरसुद्धा अर्थ कळतो. हे १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १२५. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आणि हे कलम १४४ क्रमांकाचं झालं. नंबर बदलला, गाभा तोच राहिला. म्हणून जुना निकाल दाखवून कोणी ‘हा तर १२५ चा आहे, आता चालत नाही’ असं सांगत असेल तर घाबरू नका.

कलम सांगतं ते असं. एखाद्याकडे पुरेसं साधन आहे आणि तरी तो स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या बायकोला, मुलांना किंवा आईवडिलांना सांभाळत नाही, तर न्यायालय त्याला दरमहा रक्कम द्यायला लावू शकतं. हे काम मुळात मॅजिस्ट्रेटचं. नागपुरासारखं जिथे कौटुंबिक न्यायालय आहे तिथे ते न्यायालय करतं. आणि ‘बायको’ या शब्दात घटस्फोट झालेली, पण पुन्हा लग्न न केलेली बाईसुद्धा येते.

हे शेवटचं वाक्य पूर्वी नव्हतं. इंग्रजांच्या १८९८ च्या संहितेत ही तरतूद कलम ४८८ मध्ये होती आणि ती फक्त लग्न टिकून असलेल्या बायकोला लागू होती. त्यामुळे पोटगी टाळायची पळवाट सोपी होती. अर्ज आला की तलाक द्यायचा किंवा सोडचिठ्ठी करायची आणि ‘आता ती माझी बायकोच नाही’ म्हणून मोकळं व्हायचं. १ एप्रिल १९७४ ला नवी संहिता लागू झाली आणि ती पळवाट बुजली. मूळ कायद्यात पोटगीला महिन्याला ५०० रुपयांची कमाल मर्यादाही होती. ती २००१ च्या दुरुस्तीनं गेली आणि त्याच दुरुस्तीनं अंतरिम पोटगी आली, म्हणजे खटला चालू असताना मिळणारी रक्कम. नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत अंतरिम अर्जाचा निकाल लावावा असं कायदा म्हणतो. त्या ‘शक्यतो’नं किती घरं दमून जातात, ते पुढे येईलच.

अर्ज कुठे करायचा, हे बायकांना सगळ्यात उशिरा कळतं. नवरा पुण्याला कंपनीत आहे आणि तुम्ही माहेरी मानकापूरला राहता, तर अर्ज नागपुरात करता येतो. त्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

‘स्वतःचा निर्वाह करू न शकणारी’ म्हणजे रस्त्यावर आलेली, असा अर्थ काढू नका. चार घरची धुणीभांडी करून, शिवणकाम करून जेमतेम चूल पेटवणारी बाईही त्यात बसते. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्येच सांगितलं आहे की बायको थोडंफार कमावते एवढ्यावरून तिचा हक्क जात नाही. सासरी ज्या पद्धतीनं राहत होती त्याच्या आसपास तिला त्या कमाईत राहता येतं का, हे पाहायचं असतं.

शाहबानो ते २०२४

या कलमाला धर्म नाही, हे वाक्य बोलायला सोपं आहे. ते पक्कं व्हायला जवळपास चाळीस वर्षं गेली आणि ती वर्षं मुस्लिम बायकांच्या वाट्याला आली. म्हणून इथे थोडं थांबते.

इंदूरच्या शाहबानो यांचं लग्न १९३२ चं. नवरा वकील, पाच मुलं. चाळीसहून अधिक वर्षांच्या संसारानंतर त्यांना घराबाहेर काढलं गेलं. १९७८ मध्ये त्यांनी कलम १२५ खाली अर्ज केला, आणि तो चालू असतानाच नवऱ्यानं तलाक दिला. मॅजिस्ट्रेटनं पोटगी ठरवली महिना २५ रुपये. उच्च न्यायालयानं ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेसाठी नवरा सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याचं म्हणणं होतं की मेहर (लग्नात बायकोला कबूल केलेली रक्कम) दिली, इद्दतीचा म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांचा खर्च दिला, आता माझी जबाबदारी संपली. २३ एप्रिल १९८५ रोजी सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या पाच जणांच्या घटनापीठानं त्याचं म्हणणं फेटाळलं. कलम १२५ सगळ्यांना लागू आहे, मुस्लिम घटस्फोटितेलाही, असं ते म्हणाले.

पुढचं राजकारण सगळ्यांना आठवतं. १९८६ मध्ये संसदेनं मुस्लिम महिला (घटस्फोटानंतर हक्कांचे संरक्षण) कायदा केला. गावोगाव त्याचा अर्थ एवढाच पोचला की मुस्लिम बाईला फक्त इद्दतीचे तीन महिने मिळतात, पुढे काही नाही. आजही हिंदू शेजारीण सहानुभूतीनं सांगते, “त्यांच्यात देत नाहीत ना,” आणि मुस्लिम सासू ठासून सांगते, “आमच्यात तीन महिन्यांचंच असतं.” दोघींचीही समजूत त्याच एका वाचनातून आली आहे.

कायद्याचे शब्द मात्र वेगळे आहेत. नवऱ्यानं इद्दतीच्या काळात ‘वाजवी आणि रास्त तरतूद व निर्वाह’ करून द्यायचा आहे, असं कलम ३ म्हणतं. शाहबानोंची बाजू सर्वोच्च न्यायालयात मांडणारे वकील दानियल लतिफी यांनीच या कायद्याला आव्हान दिलं. २००१ मध्ये पाच न्यायाधीशांच्या पीठानं कायदा कायम ठेवला, पण त्याचा अर्थ नेमका लावून दिला: तरतूद इद्दतीच्या *आत* करायची आहे, इद्दती*पुरती* नव्हे. म्हणजे तीन महिन्यांच्या आत नवऱ्यानं तिच्या पुढच्या आयुष्याचा विचार करून रक्कम किंवा मालमत्ता द्यायची. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २००० मध्ये याच दिशेनं निकाल दिला होता. याशिवाय न दिलेली मेहर आणि लग्नात तिला मिळालेल्या वस्तू परत मागायचा हक्क त्याच कायद्यात आहे. नवऱ्याकडून तरतूद होऊनही ती पुढे निराधार झाली, तर जवळच्या वारस नातेवाइकांवर आणि शेवटी वक्फ मंडळावर जबाबदारी येते.

तरीही एक शंका उरली होतीच. १९८६ चा खास कायदा असताना मुस्लिम घटस्फोटिता सरळ १२५ मध्ये येऊ शकते का? काही न्यायालयं हो म्हणत, काही नाही. १० जुलै २०२४ रोजी न्या. बी. व्ही. नागरत्ना आणि न्या. ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांनी तेलंगणातून आलेल्या प्रकरणात तो वाद मिटवला. येऊ शकते. तिला १२५ ची वाट घेता येते, १९८६ च्या कायद्याची घेता येते, दोन्हीही घेता येतात. एका वाटेनं मिळालेली रक्कम दुसरीकडे विचारात घेतली जाईल, एवढंच.

तलाकबद्दल आणखी एक गोष्ट. अर्ज केला की बरेच नवरे जबाबात लिहितात, “मी तिला मागेच तलाक दिला आहे.” असं कागदावर लिहिलं म्हणून तलाक झाला असं होत नाही. कारण द्यावं लागतं, दोन्हीकडच्या माणसांनी समेटाचा प्रयत्न केला होता हे दाखवावं लागतं, आणि तलाक दिल्याचा पुरावा द्यावा लागतो. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबादच्या पूर्णपीठानं हे स्पष्ट केलं. एका बैठकीतला तिहेरी तलाक तर २२ ऑगस्ट २०१७ च्या निकालानंतर रद्दच आहे, आणि २०१९ च्या कायद्यानं तो गुन्हा आहे. त्या कायद्यातही बाईला निर्वाहभत्ता मागता येतो. तेव्हा टपालानं आलेला कागद बघून घाबरून जाऊ नका. तो जपून ठेवा आणि घेऊन या.

दुसरं दार: लग्नाचा कायदा

आता दुसरं दार. इथे धर्मानं खरोखर फरक पडतो.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्यातलं कलम २४ खटला चालू असतानाच्या पोटगीचं, कलम २५ कायमस्वरूपी पोटगीचं. ती दरमहा मिळते किंवा एकरकमी. हा कायदा बौद्ध, जैन आणि शीख लग्नांनाही लागू आहे. नागपुरात हे मुद्दाम सांगावं लागतं. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी लाखोंना धम्मदीक्षा दिली, त्याच्या जवळपास दीड वर्ष आधीच हा कायदा लागू झाला होता आणि त्याच्या कलम २ मध्ये बौद्धांचा उल्लेख होता. म्हणून बौद्ध पद्धतीनं लागलेल्या लग्नाला पोटगीचा कायदाच नाही, ही भीती मनातून काढून टाका.

या कायद्याचं वेगळेपण असं की पोटगी दोघांपैकी कोणीही मागू शकतो. नवराही. नांदेडच्या एका प्रकरणात शिक्षिका असलेल्या घटस्फोटित पत्नीनं नवऱ्याला महिना ३,००० रुपये द्यावेत हा आदेश मुंबई उच्च न्यायालयानं २०२२ मध्ये कायम ठेवला. त्यावर लोकांनी बरीच चेष्टा केली. मला त्यात चेष्टेसारखं काही वाटत नाही. ज्याला स्वतःचं पोट भरता येत नाही त्याला दुसऱ्यानं आधार द्यायचा, हा या कलमाचा अर्थ आहे आणि तो दोन्ही बाजूंनी लागू व्हायला हवा. पहिल्या दारातून मात्र नवऱ्याला प्रवेश नाही. १४४ मध्ये बायको, मुलं आणि आईवडीलच येतात.

२०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आणखी एक पाऊल पुढे टाकलं. हिंदू विवाह कायद्याखाली लग्न मुळातूनच अवैध ठरलं, समजा नवऱ्याची पहिली बायको हयात होती, तरी कलम २५ खाली पोटगी देता येते. फसवून लग्न झालेल्या बाईला ‘तुझं लग्नच नव्हतं’ म्हणून हाकलून देणं त्यामुळे सोपं राहिलं नाही.

ख्रिश्चन लग्नांचा घटस्फोट कायदा १८६९ चा आहे. मूळ कायद्यात खटला चालू असताना बाईला नवऱ्याच्या उत्पन्नाच्या एक पंचमांशापेक्षा जास्त मिळत नसे. २००१ च्या दुरुस्तीनं ती मर्यादा काढली. पण कायमस्वरूपी पोटगीचं कलम ३७ आजही बाईनं मिळवलेल्या हुकूमनाम्याबद्दल, म्हणजे तिच्या अर्जावर झालेल्या न्यायालयाच्या आदेशाबद्दल बोलतं. म्हणून घटस्फोटाचा अर्ज कोणी केला आहे, हे ख्रिश्चन पक्षकारांना मी आधीच विचारते, आणि पहिलं दार त्यांनी मोकळं ठेवावं असा आग्रह धरते. नवऱ्यासाठी यात तरतूद नाही.

पारशी समाज नागपुरात छोटा आहे, पण १८७७ मध्ये जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल उभी केल्यापासून तो या शहराचाच आहे. त्यांचा कायदा १९३६ चा, आणि १९८८ च्या दुरुस्तीनंतर त्यात पती किंवा पत्नी कोणीही पोटगी मागू शकतो.

आंतरधर्मीय लग्नं बहुतेक १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली होतात. त्यात पोटगी फक्त पत्नीला मागता येते. इथे मोठा गोंधळ होतो. लोक ‘आमचं कोर्ट मॅरेज आहे’ म्हणतात, आणि कागद बघितला तर लग्न देवळात किंवा विहारात झालेलं असतं आणि महापालिकेत महाराष्ट्राच्या १९९८ च्या कायद्याखाली नुसती नोंदणी झालेली असते. नोंदणी केल्यानं लग्नाचा कायदा बदलत नाही. प्रमाणपत्रावर वरच्या ओळीत कोणत्या कायद्याचं नाव छापलंय ते वाचा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

राहिला आदिवासी समाज. गोंड राजा बख्त बुलंद शाह यानं वसवलेल्या या शहरात गोंडांच्या प्रश्नाला शेवटी ठेवावं लागतं, याचं मला वाईट वाटतं, पण कायद्यानंच त्यांना बाजूला ठेवलं आहे. हिंदू विवाह कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू होत नाही; त्यांचं लग्न आणि काडीमोड रूढीनं चालतात. त्यामुळे कलम २५ चं दार त्यांच्यापुढे बहुधा नसतं. १४४ चं असतं, पूर्ण उघडं. पंचांनी तोडून दिलं म्हणजे पोटगीही तुटली असं नाही. रामटेककडच्या त्या बाईला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मंग पंचाईले हे काहून नाही माहीत?”

सोडचिठ्ठीचंही इथेच सांगून टाकते. स्टॅम्प पेपरवर दोघांच्या सह्या, नोटरीचा शिक्का, ‘आमचा एकमेकांवर कसलाही हक्क नाही’ असा मजकूर. असे कागद माझ्याकडे दर महिन्याला येतात. ज्या समाजात फारकतीची रूढी आहे आणि ती सिद्ध करता येते, तिथे अशा कागदाला अर्थ असतो. बाकी हिंदू लग्न त्यानं मोडत नाही. न्यायालयानं ते मोडावं लागतं.

या दोन दारांशिवाय २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा आहे. मारहाण, उपासमार, पैसे अडवून ठेवणं, हे सगळं त्यात हिंसाच आहे. त्यातून आर्थिक मदत मिळते, राहत्या घराचा हक्कही मिळतो, आणि तोही सगळ्या धर्मांना सारखाच लागू आहे.

रक्कम कशी ठरते

सगळ्यांना वाटतं की पगाराच्या अमुक टक्के असं सूत्र असेल. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ च्या एका प्रकरणात निव्वळ पगाराच्या २५ टक्के रक्कम योग्य मानली, तेव्हापासून तो आकडा सगळीकडे फिरतो. ते बांधील सूत्र नाही. न्यायालय दोघांचं उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, मुलांचा खर्च, लग्न किती वर्षं टिकलं, बाईनं संसारासाठी नोकरी सोडली का, तब्येत, वय हे सगळं बघतं.

आणि हे कसं बघायचं याची देशभरची पद्धत ज्या निकालानं घालून दिली, तो आपल्या नागपूर खंडपीठातून वर गेला होता. वकील त्याला ‘रजनेश विरुद्ध नेहा’ म्हणून ओळखतात. बाई जानेवारी २०१३ मध्ये लहान बाळासह घराबाहेर पडली. त्याच वर्षी अर्ज. २०१५ मध्ये कौटुंबिक न्यायालयानं तिला महिना १५,००० रुपये आणि मुलाला आधी ५,००० व पुढे १०,००० रुपये अंतरिम पोटगी ठरवली. नवरा नागपूर खंडपीठात गेला. २०१८ मध्ये तिथे हरला. मग सर्वोच्च न्यायालय. ४ नोव्हेंबर २०२० ला निकाल लागला. सात वर्षं, आणि तीही अंतरिम पोटगीसाठी. जिथे कायदा ६० दिवस म्हणतो तिथे सात वर्षं.

त्या निकालानं तीन गोष्टी सोप्या केल्या. पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची, म्हणजे खटला लांबवून नवऱ्याचा फायदा होणार नाही. वेगवेगळ्या कायद्यांखाली अर्ज केले असतील तर ते उघड सांगायचे, म्हणजे वजावट करता येईल. आणि दोघांनीही ठरलेल्या नमुन्यात उत्पन्न आणि मालमत्तेचं शपथपत्र द्यायचं. खोटं लिहिलं तर कारवाई होऊ शकते.

हे शपथपत्र नुसता फॉर्म समजून भरू नका. सगळ्यात जास्त मेहनत यावर घ्या. बुटीबोरीकडची एक ताई माझ्याकडे आली होती. नवरा कळमन्याच्या बाजारात अडतीवर. तिनं मुलाच्या शाळेच्या वहीत मागच्या पानावर खर्च लिहून आणला होता. किराणा. सिलिंडर. खोलीभाडं. शाळेची व्हॅन. ट्यूशन. मुलाचे बूट. खाली बेरीज, दोनदा तपासलेली. मी पूर्ण पान वाचलं आणि विचारलं, “तुमचा खर्च कुठाय?”

“माहा काय खर्च, मॅडम?”

थायरॉइडची गोळी रोज घेत होती, ती भाऊ आणून देत होता. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली होती. मोबाइलचं रिचार्ज आई करत होती. कोर्टाच्या तारखेला यायला बसचं भाडं लागत होतं. एकेक विचारत आम्ही ते वहीत लिहिलं आणि अर्ध्या पानावर तिचा खर्च भरला. दुसऱ्यांनी चालवलेला खर्च हाही तुमचाच खर्च आहे. तो लिहिला नाही तर न्यायालयाला तो दिसत नाही.

नवऱ्याच्या शपथपत्रात उत्पन्न होतं महिना बारा हजार. त्याच्याच बँकेच्या उताऱ्यात गाडीचा हप्ता जात होता नऊ हजारांचा. रोखीचा धंदा असला की उत्पन्न कागदावर येत नाही, पण खर्च येतो. म्हणून मी बायकांना सांगते: दुकानाच्या पाटीचा फोटो, गाडीचा नंबर, भरलेल्या फीच्या पावत्या, मोबाइलवरून झालेल्या व्यवहारांचे स्क्रीनशॉट, जे हाताशी असेल ते तारखेसह ठेवा. त्याचा मोबाइल चोरून उघडायची गरज नाही. जे तुमच्या समोर घडलं तेच पुष्कळ असतं.

नवऱ्याकडून येणारे युक्तिवाद ठरलेले असतात. “मी नांदवायला तयार आहे.” ज्या घरात मार खाल्ला तिथे परत न जाण्याला कायदा पुरेसं कारण मानतो, आणि नवऱ्यानं नांदायला येण्याचा हुकूमनामा आणला असला तरी तेवढ्यावरून पोटगी नाकारता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलं. “ती शिकलेली आहे, कमावू शकते.” कमावू शकणं वेगळं आणि प्रत्यक्ष कमावणं वेगळं. चांगली नोकरी असेल तर मात्र तिचं उत्पन्न धरलं जातं आणि पोटगी कमी होऊ शकते किंवा नाकारलीही जाऊ शकते. हे लपवण्यात अर्थ नाही. “आम्ही परस्परसंमतीनं घटस्फोट घेतला.” त्यानं दार बंद होत नाही. पण त्या कागदावर तुम्ही ‘पोटगीचा हक्क सोडते’ असं लिहून दिलं असेल आणि एकरकमी घेतली असेल, तर ते सगळं पुढे तुमच्यासमोर ठेवलं जातं. सही करण्याआधी तो मजकूर घरी नेऊन वाचा. त्याच दिवशी सही करायची घाई कोणी करत असेल तर दोनदा वाचा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबलेल्या बायका मला सगळ्यात जास्त सलतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार स्त्रीला मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे साधा अर्ज द्यायचा.

हुकूम झाला, पैसे नाहीत

आणि मग हुकूम होतो, पेढे वाटले जातात, आणि पहिल्या महिन्यात पैसे येत नाहीत.

इथे धर्म कुठेच उरत नाही. मोमिनपुरा, इंदोरा, सदर, महाल, सगळीकडच्या बायका एकाच रांगेत उभ्या असतात. रक्कम थकली की वसुलीचा अर्ज करायचा. न्यायालय वॉरंट काढू शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं, पगारातून कापून घ्यायला लावू शकतं. वॉरंट काढूनही दिलं नाही तर थकलेल्या दर महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. कैद भोगली म्हणून थकबाकी फिटत नाही. ती उभीच राहते. हे सर्वोच्च न्यायालयानं १९८९ मध्येच ठरवलं आहे, पण आजही नवऱ्याकडची माणसं ‘तो आत जाऊन आला, आता काय मागता’ असं म्हणतात.

एक अट मात्र पाठ करून ठेवा. रक्कम ज्या तारखेला देय झाली त्यापासून एक वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज केला नाही, तर त्या महिन्यासाठी वॉरंटची वाट बंद होते. दया येऊन, मुलाची परीक्षा म्हणून, सासऱ्यांनी हात जोडले म्हणून बायका थांबतात, आणि एकेक महिना हातातून निसटत जातो.

बुटीबोरीच्या ताईनं यावर स्वतःच उपाय काढला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दर महिन्याच्या दहा तारखेला ती खूण करते. पैसे आले की बरोबरची, नाही आले की फुली. मार्चमध्ये ती कॅलेंडर गुंडाळून पिशवीत घालून माझ्याकडे आली. मागच्या वर्षीचंही आणलं होतं, टेबलावर दोन्ही शेजारी शेजारी पसरलं. सगळ्यात जुन्या फुलीवर बोट ठेवून म्हणाली, “हिले वर्ष व्हायले बावीस दिवस बाकी हायेत, मॅडम.”

अर्ज त्याच दुपारी टाइप करायला दिला.